टाकायला शिकवणारे मास्तर

आमच्या शाळेतले ड्रिलमास्तर कोणाला नमस्कार करत नसत. समोर कोणीही आला तरी ते त्याचा उजवा हात आपल्या हातात घेत, तळवा वर करून बोटं हळूहळू मागे दाबत आणि मनगट कितपत वाकतं ते बघत. मग "बरं आहे" किंवा "फार घट्ट आहे" एवढंच बोलून हात परत देत. परत देत असं मी मुद्दाम म्हणतो, कारण तेवढा वेळ तो हात आपला राहिलेला नाही असंच वाटायचं. मी भोरच्या त्या शाळेत भूगोल शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी हेडमास्तरांनी आमची ओळख करून दिली. माझं नाव, गाव, शिक्षण यातलं काहीएक न विचारता त्यांनी माझं मनगट तपासलं आणि म्हणाले, "लिहिणाऱ्याचं आहे. एका बाजूला चालतं, दुसऱ्या बाजूला नाही." मला राग आला. मी तेव्हा पंचविशीतला, नुकताच बी.ए. झालेला, आणि राग यायला मला फारसं काही लागत नसे.

नव्या माणसाला ते हात बघणारे ज्योतिषी वाटत. हेडमास्तरांच्या घरी एकदा सत्यनारायण होता. तिथे यजमानीणबाईंनी पदर सावरून त्यांच्यापुढे हात धरला आणि थोरला मुलगा यंदा मॅट्रिक होईल का, असं हळूच विचारलं. मास्तरांनी परस्त्रीच्या हाताला स्पर्श केला नाही. नुसतं बघून सांगितलं, की आतून घट्ट आहे, रोज सकाळी दोन्ही तळवे भिंतीला टेकवून शंभर अंक मोजत चला. बाईंनी तो उपाय समजून चार महिने नेमाने केला. मुलगा पास झाला. पुढे गावातल्या आणखी दोन-तीन घरांतल्या आया भिंतीला हात लावून उभ्या राहतात असं ऐकू यायला लागलं. मास्तरांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांचे खांदे कसे आहेत आता, एवढंच त्यांनी विचारलं.

बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच. खाकी अर्धी विजार आणि पलटणीतला जुना पट्टा. वय चाळिशीच्या पुढे. पलटणीत असताना त्यांनी एका गोऱ्या सार्जंटाला दोन्ही टोकांना वजनं लावलेला लोखंडी दांडा डोक्यावर उचलताना पाहिलं, आणि तेव्हापासून त्या दांड्याने त्यांना जे धरलं ते सोडलं नाही. भोरात असला दांडा कुठून मिळायचा? त्यांनी एका गाडीवानाकडून मोडक्या बैलगाडीचा दोन चाकांमधला लोखंडी आख मागून आणला आणि लोहाराकडून भोकं पाडलेल्या जाड चकत्या करून घेतल्या. चकत्या आखावर गाडीच्या चाकासारख्या सुट्या फिरल्या पाहिजेत यावर त्यांचा फार कटाक्ष. चकती अडली तर ती आखाला फिरवते आणि आख मनगटाला पिळतो, असं ते सांगत. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी ते आखाच्या दोन्ही टोकांना एरंडेल घालत. आमच्या शाळेत सरस्वतीच्या तसबिरीपुढच्या समईत तेल आहे की नाही हे बघायला माणूस नव्हता, पण आखाला तेल चुकत नव्हतं. हे वाक्य मी त्या काळी शिक्षकांच्या खोलीत बोललो होतो आणि त्यावर सगळे हसले होते.

आम्ही दोघं एकाच खानावळीत जेवायचो. तिथली काकू भाकरी थापायला बसली की मास्तर ताटावरून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहत. भाकरीकडे त्यांचं लक्ष नसे. काकूचं मनगट परातीवर कसं मागे जातं, कसं वळतं, हे ते बघत, आणि मधेच म्हणत, "काकू, जरा सावकाश." काकू म्हणायची, सावकाश थापली तर तुम्हीच उद्या बोंब माराल. पण थापायची सावकाश. मला ते फार चमत्कारिक वाटायचं. चारचौघांत मी त्यांच्यापासून दोन पाटांचं अंतर ठेवून बसायचो.

पण गावाने त्यांना ज्यासाठी नावं ठेवली ते वेगळंच. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात त्यांनी एक खड्डा खणून घेतला होता, गुडघाभर खोल, आणि भाताच्या गिरणीवरून गाड्या भरभरून तूस आणून तो भरला होता. वजन उचलायला शिकायला आलेल्या माणसाला ते पहिले दोन महिने उचलायला शिकवतच नसत, टाकायला शिकवत. आख छातीपर्यंत आणायचा आणि सोडून द्यायचा. खांद्यावर घ्यायचा आणि सोडून द्यायचा. हात कसे उघडायचे, पाय कुठे न्यायचे, आख पुढे जात असेल तर आपण मागे कसं व्हायचं आणि मागे जात असेल तर त्याच्याखालून पुढे कसं निसटायचं, हे सगळं ते त्या तुसाच्या खड्ड्याशी उभं राहून शेकडो वेळा करून घेत.

आता आमच्याकडची रीत अशी, की जत्रेत दगडी गुंडी उचलायला पुढे झालेला गडी ती हातातून सुटली तर तोंड लपवतो. त्याच्या गावाला पुढची जत्रा येईपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. अशा मुलखात हा माणूस टाकायला शिकवतो म्हटल्यावर लोकांना आयतं कोलीतच मिळालं. बाजारात पोरं त्यांना पाहून हातातली केळी खाली टाकायची. पालकांनी हेडमास्तरांकडे तक्रार केली, की आमच्या मुलांना हरायला शिकवतात. मास्तर सगळ्यांना एकच सांगत. वजन पुन्हा उचलता येतं, मनगट पुन्हा मिळत नाही.

दुसरी अट वाटीची. उजवा कोपर पुढे काढून तळवा खांद्याशी उताणा करायचा आणि त्यावर ताकाने भरलेली वाटी ठेवायची. शंभर अंक मोजेपर्यंत ताक सांडलं नाही तर त्या माणसाचं मनगट वजनाखाली जायला तयार झालं. त्याआधी आखाला चकत्या लागत नसत. आख खांद्यांवर विसावला पाहिजे, हातांनी तो नुसता जागच्या जागी ठेवायचा, बोटं सैल, कोपर वर. कोपर खाली आले की सगळा भार मनगटावर येतो, आणि मनगटात काय आहे, तर आठ बारकी हाडं, सुपारीच्या खांडांएवढी. हे आठ हाडांचं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं असेल की ती मला आशियातल्या नद्यांपेक्षा जास्त पाठ झाली होती.

या परीक्षेत सगळ्यांत जास्त दिवस कोणाला लागले असतील तर धोंडिबाला. धोंडिबा आमच्या शाळेचा शिपाई. वेल्ह्याकडचा, राजगडाच्या पायथ्याच्या पालीचा. बावीस-तेवीस वर्षांचा, उंच, अबोल. गावाकडे आई एकटी, थोडी भातखाचरं, आणि घरातला हा एकच कमावता. लहानपणापासून नांगराच्या मुठीवर आणि कुऱ्हाडीच्या दांड्यावर हात घट्ट आवळून त्याची मनगटं लाकडासारखी झाली होती. मास्तरांनी ती आठ महिने वळवली. सकाळी कोमट तेल, मग भिंत, मग वाटी. धोंडिबाने किती ताक सांडलं असेल त्याचा हिशेब काकूच जाणे. पण एकदा वाटी उभी राहिली आणि मग तो गडी असा काही तयार झाला, की त्याच्या खांद्यावर अडीच मणांचा आख एखाद्या उपरण्यासारखा येऊन बसायचा. मास्तर त्याच्याकडे बघत उभे राहत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे ते मी दुसऱ्या कुठल्याही वेळी पाहिलं नाही. धोंडिबा त्यांना वस्ताद म्हणायचा. मला गुरुजी म्हणायचा, पण ते मी शिक्षक होतो म्हणून.

एकदा, फक्त एकदाच, मास्तर माझ्याशी स्वतःबद्दल बोलले. रविवारी सकाळी नीरेवर अंघोळीला गेलो होतो. अर्घ्य देताना त्यांची ओंजळ नीट जुळत नव्हती, पाणी आधीच गळून जात होतं. डावं मनगट मागे वाकतच नव्हतं. मी सहज विचारलं. ते म्हणाले, सगळी पलटण बघत उभी होती. सार्जंटाने उचललं तेवढं मी उचलायचं, अशी पैज. वर गेलं, पण मागे झुकलं. टाकता आलं असतं. पण सगळी पलटण बघत होती. मग ते पाण्याकडे बघत म्हणाले, "मला कोणी टाकायला शिकवलं नव्हतं, गुरुजी. उचलायला सगळ्यांनी शिकवलं."

म्हणजे मला माहीत होतं. पुढे जे घडलं ते न कळून घडलं असं म्हणायची सोय मला नाही.

खंडेनवमीला शाळेत हत्यारांची पूजा व्हायची. पाट्या, पुस्तकं, नकाशे, लेझमी, लाठ्या, माळ्याची कुदळ, घंटा, सगळं मांडून त्याला हळदकुंकू, झेंडूची फुलं. ही पूजा माझ्याकडे असे आणि मी ती फार हौसेने करायचो. मास्तर लाठ्या आणि लेझमी मुकाट्याने आणून द्यायचे. आख मात्र देत नसत. नवमीच्या आदल्या संध्याकाळी ते आख खांद्यावर टाकून घरी नेत आणि खाटेखाली सरकवून ठेवत. एके वर्षी मी विचारलंच, की याला देवाचं एवढं वावडं का? ते म्हणाले, "देवाचं नाही. पण एकदा कुंकू लावलं, डोकं टेकलं, की आपल्या लोकांना ते टाकता येत नाही. आणि हा टाकता आला पाहिजे." मला तो त्यांचा आणखी एक विक्षिप्तपणा वाटला. शिक्षकांच्या खोलीत मी तोही रंगवून सांगितला.

त्या वर्षी दसऱ्याला दुपारी शाळेच्या मैदानावर कसरतींचा कार्यक्रम ठरला होता. संस्थानचे एक बडे अधिकारी येणार होते. धोंडिबा अडीच मण उचलणार म्हणून गावात चार दिवस आधीपासून बोललं जात होतं. आणि नेमके मास्तर हिवतापाने आडवे झाले. आख शाळेतल्या ड्रिलच्या सामानाच्या खोलीतच राहिला. नवमीच्या आदल्या दिवशी मी त्यांना काढा घेऊन गेलो, तर अंगावर दोन घोंगड्या घेऊन ते कुडकुडत होते. किल्ली उशाशी होती. ती त्यांनी माझ्याकडे दिली, लेझमी काढायच्या म्हणून. आणि म्हणाले, "आखाला हात लावू नका." मी बरं म्हणालो.

का लावला, ते आजही नीट सांगता येत नाही. हेडमास्तर म्हणाले होते की उद्याचा मुख्य खेळ त्याचाच आहे, मग त्याची पूजा नको का, हे एक कारण. भूगोलाच्या मास्तराकडे गावात कोणी ढुंकून बघत नाही आणि या ड्रिलमास्तराचं नाव मात्र चार दिवस सगळ्यांच्या तोंडी आहे, हे दुसरं, आणि तेच खरं असावं. मी आख बाहेर काढवला. पाटावर ठेवला. बोटबोट कुंकू लावलं, दोन्ही चकत्यांना झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. धोंडिबा मागे उभा होता. मी त्याला पुढे बोलावलं. तो वाकला आणि आखावर कपाळ टेकवून बराच वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा त्याच्या कपाळाला कुंकू लागलं होतं. मी फार गंभीर आवाज काढून त्याला म्हणालो, "धोंडिबा, आता हा नुसता आख नाही हो. देव आहे. जपून."

गंमत म्हणून म्हणालो की मनापासून, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. जमलेली मुलं बघत होती आणि मला तसं बोलावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर काठी टेकत शाळेत येताना दिसले. ताप उतरला होता, पण चेहरा पिवळा पडला होता. मी घाईघाईने खोलीत गेलो आणि ओल्या फडक्याने आख पुसून काढला. फुलं खिडकीतून टाकली. धोंडिबाला सांगितलं, वस्तादांना काही बोलू नकोस, आजारी माणूस आहे, उगाच मनाला लावून घेतील. त्याने मान हलवली. मास्तरांनी आख तपासला, चकत्या फिरवून बघितल्या, टोकांना एरंडेल घातलं. त्यांना काही दिसलं नाही. कुंकू पुसलं की झालं, असं मला वाटलं होतं.

दुपारी मैदान माणसांनी भरलं. मास्तरांनी खड्ड्यात नवं तूस घालून घेतलं होतं. धोंडिबा लंगोटावर धोतर कसून पुढे आला. आखाला हात घालण्याआधी त्याने तो दोन्ही हातांनी शिवून हात डोळ्यांना लावले. मास्तर त्या वेळी बड्या पाहुण्यांच्या खुर्चीशी उभे होते, त्यांनी ते बघितलं असेल-नसेल. मी बघितलं. पण मी जागचा उठलो नाही.

आख खांद्यावर आला तो सुरेख. कोपर वर, बोटं सैल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो वर गेला आणि डोक्यावर गेल्यावर थोडा मागे झुकला. एवढं नेहमी व्हायचं. अशा वेळी धोंडिबा पुढे निसटायचा आणि आख मागे तुसात धप्पकन पडायचा, हे मी स्वतः वीसदा पाहिलं होतं. मास्तरांनी ओरडून सांगितलं, "टाक!" धोंडिबाने टाकला नाही. तो तसाच पाय रोवून, आख हळू खाली उतरवायला बघत होता, एखादी मूर्ती उतरवावी तसा. मास्तर पुन्हा ओरडले आणि काठी टाकून धावले. उजवं मनगट मागे वाकत गेलं, वाकत गेलं, आणि मग जो आवाज झाला तो मैदानाच्या टोकाला बसलेल्यांनीही ऐकला. तरीसुद्धा त्याने डाव्या हाताने आणि छातीने आख अडवून धरला होता. तो मास्तरांनी काढून घेतला आणि तुसात फेकला.

हाडवैद्याच्या ओसरीवर मी होतो. लेपाची वाटी माझ्याच हातात होती. धोंडिबाचा हात फळीवर बांधून झाला तेव्हा मास्तर त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "टाक म्हणालो ते ऐकू आलं नव्हतं का रे?"

"आलं व्हतं."

"मग?"

धोंडिबा म्हणाला, "द्येव हाय त्यो, वस्ताद. द्येव भुईवर कसा टाकू?"

"देव कोणी केला त्याला?"

धोंडिबाने खाली बघितलं. त्याने माझं नाव घेतलं नाही, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मी तिथे वाटी घेऊन उभा होतो, चार पावलांवर. एवढंच म्हणायचं होतं, की मी केला. दोनच शब्द. मास्तरांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग ते उठून वाटी माझ्या हातातून घेऊन गेले.

मनगट वाकडं बसलं. पुढच्या महिन्यात शाळेत चौकशी झाली. बड्या पाहुण्यांना त्या प्रकाराचा फार त्रास झाला होता म्हणे. माझं अक्षर चांगलं, म्हणून अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. "सदर इसमास शक्तीबाहेरचे वजन उचलण्यास लावले" हे वाक्य माझं. हेडमास्तरांनी सांगितलं आणि मी लिहिलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. पण हेडमास्तर नुसतं म्हणाले होते, की जास्त वजन होतं असं काहीतरी लिहा. शब्द मी निवडले. अहवाल सहीसाठी मास्तरांपुढे ठेवायलाही मीच गेलो. त्यांनी तो सगळा वाचला. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "शक्तीबाहेरचे?" मी दौतीकडे बघत राहिलो. त्यांनी सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे, गुरुजी." त्यानंतरही ते लगेच उठले नाहीत. मला वाटतं ते मला आणखी थोडा वेळ देत होते.

नोकरी गेल्यावर ते भोर सोडून निघाले त्या सकाळी मी वर्गात होतो. खिडकीतून दिसलं, खांद्यावर पत्र्याची पेटी घेऊन ते मोटारीच्या थांब्याकडे चालले होते. मुलं नकाशात नद्या भरत होती. मला खाली जाता आलं असतं. ते कुठे गेले हे मी कोणाला विचारलं नाही. पुण्याला गेले असतील असं धरून चाललो. धोंडिबाला त्याआधीच कामावरून कमी केलं होतं, कारण पाण्याच्या कळशा उचलणं त्याला जमत नव्हतं. तो गावी गेला होता. खड्डा बुजवला. आख कोणीतरी गाडीला लावायला नेला. शिक्षकांच्या खोलीत मास्तरांच्या गोष्टी अजून निघायच्या आणि लोक माझ्याकडे बघायचे, कारण त्या मी चांगल्या सांगायचो. मी उठून वर्गावर जायला लागलो.

नऊ वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली, मी दुय्यम हेडमास्तर झालो. जुनी दप्तरं निवडायचं काम निघालं आणि त्यात तो अहवाल सापडला. अक्षर खरोखरच सुरेख होतं. मी तो खाली ठेवून दुसरं काही बघायचा प्रयत्न केला, पण त्या दिवशी काहीच निवडलं गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने नसरापूरला उतरलो आणि तिथून एका बैलगाडीत बसून पालीची वाट धरली. धोंडिबाला सांगायचं आणि मास्तरांचा पत्ता त्याला माहीत असला तर घ्यायचा, असं ठरवलं होतं.

तो खळ्यावर भात झोडत होता. मला लगेच ओळखलं. कणसांची पेंढी दोन्ही हातांत धरून तो बाजेवर आपटत होता, आणि मी त्याच्या उजव्या मनगटाकडेच बघत राहिलो. थोडं वाकडं होतं, पण चालत होतं. त्याने ते माझ्यापुढे मागे-पुढे करून दाखवलं. म्हणाला, वस्तादांनी केलं.

मला आधी समजलंच नाही. मग त्याने सांगितलं. मास्तर पुण्याला गेलेच नव्हते. त्याच मोटारीने नसरापूरला उतरून, पेटी खांद्यावर घेऊन ते चालत पालीला आले आणि मारुतीच्या देवळामागच्या खोलीत राहिले. रोज पहाटे कोमट तेल, मग मनगट हातात धरून एक सूत मागे, एक सूत पुढे. दोन वर्षांनी धोंडिबाने नांगराची मूठ धरली. मास्तर तरीही गेले नाहीत. गावातल्या पोरांना शिकवत राहिले. दोन वर्षांमागच्या पावसाळ्यात हिवतापातच गेले.

मी खळ्याच्या कडेला बसलो. मग जे सांगायला आलो होतो ते सांगितलं, कुंकवापासून अहवालापर्यंत सगळं, काही न वगळता. धोंडिबाने ऐकून घेतलं.

"त्यास्नी ठावं व्हतं, गुरुजी," तो म्हणाला. "हितं आलं त्या पयल्याच आठवड्यात म्या सांगितलं. माज्यानं ऱ्हावलं न्हाई."

"काय म्हणाले?"

"म्हनले, कुणाला बोलू नगंस. गुरुजी आपनहून यील. वाईट मानूस न्हाई त्यो."

धोंडिबा पेंढीतली काडी मोडत बसला होता. मग तो म्हणाला, की दर दसऱ्याला मास्तर त्याच्या आईला एक पान जास्त वाढायला सांगायचे. भोरहून माणूस येणार आहे म्हणायचे. दुपार कलेपर्यंत स्वतःही जेवायचे नाहीत. गेले त्याच्या आदल्या दसऱ्यापर्यंत हेच चाललं होतं. म्हणजे सहा दसरे, मी मनातल्या मनात मोजले. या सहाही दसऱ्यांना मी भोरात होतो, घरी होतो, श्रीखंड खाऊन दुपारी झोपलो होतो.

त्याची आई घरातून बाहेर आली. खूप म्हातारी झाली होती. डोळ्यांवर हात धरून तिने माझ्याकडे बघितलं आणि धोंडिबाला विचारलं, कोण रं ह्ये?

"भोरचं गुरुजी," धोंडिबा म्हणाला.

ती जवळ आली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं काही बोलेल, शिव्या घालेल, आणि ते मला हवंही होतं.

"लई येळ लावलात, बाबा," ती म्हणाली, आणि मला जेवायला वाढायला आत गेली.